पाय चालते आहेत तोवर

जालना जिल्ह्यात पाठदुखी कुणालाच नवी नाही. मोसंबीचे कॅरेट उचलणारा, कापूस वेचणारी, रोलिंग मिलमध्ये भट्टीसमोर उभा राहणारा, उन्हातान्हात ट्रॅक्टर हाकणारा, सगळ्यांचीच पाठ दुखते. 'उसण भरली', 'चमक निघाली', 'मणक्यात गॅप पडलाय' ही वाक्यं दवाखान्याच्या बाकावर रोज ऐकू येतात. बहुतेकांची पाठ काही आठवड्यांत आपोआप बरीही होते. ही टिपणं उरलेल्यांतल्या थोड्या माणसांसाठी आहेत. त्यांच्या स्तनातला, फुप्फुसातला, प्रोस्टेटमधला, थायरॉइडमधला किंवा किडनीतला कॅन्सर मणक्यात उतरलेला असतो. कित्येकदा कॅन्सर असल्याची पहिली खबरही पाठच देते, आणि एवढ्या दुखऱ्या पाठींच्या गर्दीत ती कुणाच्या कानावर जात नाही.

*

दुखणं कसं वागतं ते नीट विचारलं पाहिजे. कष्टाची पाठदुखी आडवं झालं की हलकी होते. मणक्यात वाढणाऱ्या गाठीचं दुखणं रात्री जोर करतं, झोपेतून उठवतं, गोळीने चार तास गप्प बसतं आणि परत येतं. दुसरं एक दुखणं असतं ते हालचालीचं: अंथरुणातून उठताना, कूस बदलताना, बसचा धक्का बसताना जीव घेणारी कळ येते, आणि निपचित पडून राहिलं की थांबते. हे दुसरं दुखणं म्हणजे मणका वजन पेलेनासा झाल्याची खूण. ही दोन दुखणी वेगळी ओळखणं फार महत्त्वाचं, कारण पहिल्याला शेक, म्हणजे रेडिएशन, चांगला लागू पडतो. दुसऱ्याला मात्र शेकाने लगेच आधार मिळत नाही. मोडलेल्या हाडाला कुणीतरी आतून टेकू द्यावा लागतो.

आणखी एक. श्रमाची पाठदुखी बहुधा कंबरेला असते. कॅन्सर मात्र साधारण ६० ते ७० टक्के वेळा छातीमागच्या मणक्यांत उतरतो. दोन खवाट्यांच्या मध्ये सतत दुखत असेल, छातीला किंवा पोटाला पट्टा आवळल्याची जाणीव होत असेल, तर 'गॅस असेल' म्हणून सोडून देऊ नये.

ज्याला पूर्वी कधी कॅन्सर होऊन गेला आहे त्याची नवी पाठदुखी एमआरआय होईपर्यंत साधी मानायची नाही. स्तनाचा कॅन्सर दहा-पंधरा वर्षं शांत राहूनही हाडात डोकं वर काढू शकतो. आणि पायातली चप्पल निसटलेली कळेनाशी झाली, जिना चढताना गुडघे वाकू लागले, लघवी तुंबली, तर त्याच दिवशी निघायचं. पेरणी, लग्न, दिवाळी, काहीही मध्ये येऊ द्यायचं नाही.

*

आमच्याकडे पायाळू माणसाला मान आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने दुखऱ्या पाठीवर पाय दिला की चमक जाते, असा समज गावोगाव आहे. कुणी हाडवैद्याकडे जातो, कुणाची आजी तेल कोमट करून रगडायला बसते. त्यामागची माया मी खोटी म्हणणार नाही. पण कॅन्सरने पोखरलेला मणका एका शिंकेनेही खचू शकतो. त्यावर माणसाच्या पायाचा भार द्यायचा म्हणजे मज्जारज्जूवर हाडाचा तुकडा ढकलण्याचा धोका पत्करायचा. अडवताना म्हाताऱ्या माणसाचा अपमान झाला की घरातला तिढा वाढतो. 'आजी, आधी फोटो काढून येतो, मग तुम्ही चोळा' असं म्हटलेलं ऐकलं जातं.

*

जालना हे बियाण्यांचं शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. म्हणून स्टीफन पॅजेट या लंडनच्या सर्जनचं म्हणणं इथल्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. १८८९ मध्ये त्याने स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ जणींच्या नोंदी अभ्यासल्या आणि लिहिलं, की या रोगाचं बियाणं चहूकडे जातं, पण रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीतच. मणक्यातली लाल मज्जा ही तशी जमीन. पुढे १९४० मध्ये फिलाडेल्फियाच्या ऑस्कर बॅटसनने दाखवलं, की मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याला झडपा नसतात. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की ओटीपोटातलं रक्त मणक्यांकडे वळतं. जमीनही तिथेच आणि पाटही तिथेच.

*

सुईने मणक्यात सिमेंट भरण्याची सुरुवात कॅन्सरसाठी झाली नव्हती. १९८४ मध्ये फ्रान्समधल्या आमियाँ गावी पियेर गालिबेर आणि एर्वे देरामाँ या दोघा डॉक्टरांपुढे ५४ वर्षांची एक बाई आली. मानेच्या दुसऱ्या मणक्यात रक्तवाहिन्यांची गाठ होती, साधी पण हाड खाणारी, आणि वेदना असह्य होत्या. त्यांनी मणक्यात सुई घालून अॅक्रिलिक सिमेंट सोडलं. वेदना थांबल्या. १९८७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि व्हर्टिब्रोप्लास्टी हे नाव जगभर गेलं. हेच सिमेंट सांधेरोपणात आधीपासून वापरात होतं. कवळ्याही याच जातीच्या पदार्थाच्या होतात.

आज ते असं करतात. रोग्याला पालथं झोपवतात. जागा बधिर करतात, थोडी गुंगी देतात. पूर्ण भूल दर वेळी लागतेच असं नाही. सी-आर्म नावाच्या फिरत्या एक्स-रे यंत्रावर पाहत पाहत मणक्याच्या मागच्या दांड्यातून सुई पुढच्या भागात नेतात. पावडर आणि द्रव कालवून घट्टसर झालेलं सिमेंट थोडं थोडं आत सोडतात. एका मणक्याला साधारण दोन ते पाच मिलिलिटर पुरतं. एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बेरियम मिसळलेलं असतं. पंधरा-वीस मिनिटांत ते आतच कडक होतं. टाका बहुधा नसतोच. काही तासांनी माणूस उठून बसतो, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी घरी जातो, आणि आराम पडायचा असेल तर तो पहिल्या दोन-तीन दिवसांतच कळतो.

कायफोप्लास्टीत आधी आत एक छोटा फुगा फुगवून पोकळी करतात, मग तिथे सिमेंट भरतात. सिमेंट कमी दाबाने जातं, खचलेल्या मणक्याची उंची थोडी परत मिळू शकते. खर्च जास्त.

धोका मुख्यतः गळतीचा. सिमेंट मज्जारज्जूच्या पोकळीत गेलं तर पाय जाऊ शकतात. शिरेतून फुप्फुसात गेलं तर श्वासाचा प्रश्न. मणक्याची मागची भिंत फुटलेली असेल, गाठ आधीच मज्जारज्जूला दाबत असेल, रक्त नीट गोठत नसेल, अंगात जंतुसंसर्ग असेल, तर जाणता डॉक्टर सुई हातात घेण्याआधी दहादा विचार करतो. भोक बारीक असतं म्हणून निर्णय बारीक होत नाही, हे घरच्यांनी धरून ठेवावं.

*

सिमेंटबद्दल वादही झाला, तो लपवू नये. २००९ मध्ये हाडं ठिसूळ झालेल्या रोग्यांवरचे दोन अभ्यास एकाच वेळी आले. अर्ध्यांना खरी व्हर्टिब्रोप्लास्टी, अर्ध्यांना नुसता देखावा. दोन्ही गटांत आराम जवळपास सारखाच. अनेकांनी या उपचारावर काट मारली. पण ते रोगी कॅन्सरचे नव्हते. कॅन्सर असलेल्या १३४ जणांवरचा अभ्यास २०११ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आला. पाठीमुळे रोजचं जगणं किती अडतं हे मोजणारा आकडा कायफोप्लास्टी झालेल्यांत महिन्याभरात १७.६ वरून ९.१ वर उतरला. बाकीच्यांत तो १८.२ चा १८ झाला. त्या अभ्यासात देखाव्याची तुलना नव्हती, हा त्याचा कच्चा दुवा. तरीही ज्याला उठून संडासपर्यंत जाता येत नव्हतं त्याला जाता येऊ लागणं ही मला मोठी गोष्ट वाटते.

आणि सिमेंट हा कॅन्सरवरचा उपचार नव्हे. तो टेकू आहे. गाठ नष्ट करायला शेक, औषधं, किंवा सुईतूनच दिलेली उष्णता वा थंडी लागते. रेडिओफ्रीक्वेन्सीत सुईच्या टोकाशी उष्णता निर्माण करून गाठ जाळतात; क्रायोमध्ये आर्गॉन वायूने तिथे बर्फाचा गोळा करतात. दोन्हीत मज्जातंतू हाताच्या अंतरावर नव्हे, मिलिमीटरच्या अंतरावर असतात. हे काम चित्रं पाहत सुईने उपचार करणाऱ्या शाखेचं, म्हणजे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचं, आणि ते सध्या मोठ्या शहरांतच नीट होतं.

*

जालन्याची दुसरी ओळख सळईची. पाठीतही सळया घालतात. पूर्वी त्यासाठी पाठ लांब चिरून स्नायू मणक्यापासून सोलून काढावे लागत. आता प्रत्येक स्क्रूसाठी जेमतेम दोन सेंटिमीटरचा छेद पुरतो. एक्स-रेवर पाहत स्क्रू बसवतात आणि सळई कातडीखालून सरकवतात. रक्त कमी जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जखम लवकर भरते, त्यामुळे शेक लवकर सुरू करता येतो. मोठ्या चिरेनंतर शेकासाठी काही आठवडे थांबावं लागतं, आणि हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या माणसाचे काही आठवडे म्हणजे त्याच्या हातात असलेल्या वेळेचा मोठा वाटा. पाठीतली सळई टायटॅनियमची असते. हल्ली कार्बन फायबरचीही मिळते. ती पुढच्या स्कॅनमध्ये चित्र बिघडवत नाही आणि किरणांचा हिशेब सोपा करते.

*

एक अभ्यास मी कधी विसरत नाही. अमेरिकेतल्या रॉय पॅचेल यांचा, लॅन्सेट, २००५. गाठीने मज्जारज्जू दाबलेले १०१ रोगी. अर्ध्यांना फक्त शेक, अर्ध्यांना आधी शस्त्रक्रिया करून दाब मोकळा केला आणि मग शेक दिला. शस्त्रक्रियेच्या गटात ८४ टक्के लोक चालू शकले, नुसत्या शेकाच्या गटात ५७ टक्के. किती दिवस चालत राहिले? एकीकडे मध्यम आकडा १२२ दिवस, दुसरीकडे १३.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त बोचतो. जे येतानाच चालू शकत नव्हते, त्यांच्यापैकी शस्त्रक्रियेनंतर ६२ टक्के चालू लागले, नुसत्या शेकाने १९ टक्के. म्हणजे सगळ्यात चांगला उपचार मिळूनही दर दहांतले जवळपास चार परत उभे राहिले नाहीत. मराठवाड्यात माणूस जीपमध्ये आडवा घालून आणला जातो तेव्हा आधीचे पंधरा दिवस कुठे गेले, हे विचारावंसं वाटतं. ते गेलेले असतात वेदनाशामक इंजेक्शनात, पट्ट्यात, 'नस दबली आहे' या उत्तरात, आणि पैशांची जुळवाजुळव करण्यात. बारीक छेदाचे सगळे उपचार चालत आलेल्या माणसाला सर्वांत जास्त देतात. पायातली ताकद गेल्यावर पर्याय कमी उरतात आणि जे उरतात ते मोठ्या चिरेचे असतात.

*

मणका खराब दिसला की आपल्याकडे दोन नावं पुढे येतात: कॅन्सर आणि टीबी. एमआरआयवर अंदाज बांधता येतो. टीबी बहुधा दोन मणक्यांमधली चकती खातो, कॅन्सर बहुधा ती सोडतो. पण अंदाजावर नऊ-बारा महिन्यांच्या टीबीच्या गोळ्या सुरू करणं किंवा अंदाजावर 'हाडात उतरलंय, आता घरी न्या' म्हणणं, दोन्ही सारखेच घातक. सुईने तुकडा काढून तपासणं हाच मार्ग. 'सुई लावली की गाठ पसरते' ही भीती घराघरांत आहे. तज्ज्ञ माणसाने विचारपूर्वक घेतलेल्या बायोप्सीने रोग पसरण्याची शक्यता फारच कमी; न तपासता काढलेल्या महिन्यांत मात्र तो पसरत जाऊ शकतो. जिथे सोय आहे तिथे तुकडा काढणं आणि सिमेंट भरणं एकाच बैठकीत होऊ शकतं. त्याच तपासणीत मायलोमाही सापडतो. हा रक्ताचा कॅन्सर मणके पोखरतो, पण औषधांना आणि शेकाला चांगला दबतो.

*

सत्तरीचा माणूस, कंबरेत दुखणं, रात्री चारदा लघवीला उठणं. सुनांसमोर, मुलांसमोर तो लघवीचं बोलत नाही, पाठीचं बोलतो. इथे रक्ताची पीएसए तपासणी फार मोलाची. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर जगतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हार्मोन तोडलं की मणक्यातली गाठही आवळते. त्यातली एक बारीक पण जीवघेणी गोष्ट: हार्मोन बंद करणारी काही इंजेक्शनं सुरुवातीला ते वाढवतात. मज्जारज्जू काठावर असलेल्या माणसाला तेवढ्या दिवसांत पाय गमवावे लागू शकतात. अशा वेळी दोन्ही अंडकोष काढण्याची छोटी शस्त्रक्रिया हार्मोन एका दिवसाच्या आसपास खाली आणते. ऐकायला कठीण वाटतं, म्हणून घरातल्या मोठ्या मुलाने किंवा भावाने डॉक्टरांसोबत बसून बाबांशी शांतपणे, खासगीत बोलावं. पुष्कळ पुरुष ऐकतात.

*

जाण्याचा रस्ता. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटर. तिथे आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे. घाटी या सरकारी रुग्णालयाशी जोडलेलं, टाटा मेमोरियलच्या सहकार्यातलं. शेकाची सोय तिथे आहे. त्यापुढे मुंबई, परळचं टाटा, २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालेलं. जालन्याहून रेल्वेने रात्रीत पोचता येतं. पण रेल्वे जालना आणि परतूरला. भोकरदन, जाफराबादच्या माणसाला आधी रस्त्यानेच यावं लागतं, आणि हालचालीने कळ येणाऱ्या मणक्याला रस्ताच महाग पडतो. न्यायचंच तर सपाट, कडक पाठीवर आडवं न्यायचं. कूस बदलताना डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून तीन माणसांनी एकाच वेळी वळवायचं. खांद्याला धरून उठवायचं नाही.

मुंबईत राहण्याचं म्हणाल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही दोन नावं पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कोणता उपचार त्यात बसतो, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावं, बिल आल्यावर नव्हे.

*

शेक एकदाच की पाचदा? ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ६८६ रोग्यांवर हाच प्रश्न तपासला. २०१९ मध्ये निकाल आला. मज्जारज्जू दाबलेल्यांना एकच मोठा डोस दिला तर आठ आठवड्यांनी ६९ टक्के चालत होते, पाच दिवस दिला तर ७३ टक्के. अभ्यासकांनी आधी ठरवलेल्या काटेकोर मर्यादेत हा फरक बसला नाही, म्हणून 'दोन्ही समान' असं त्यांना छातीठोकपणे म्हणता आलं नाही. पण मंठा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या, आयुष्याचे थोडे महिने उरलेल्या बाईसाठी एक फेरी आणि पाच दिवसांचा मुक्काम यांत मोठं अंतर आहे. सोबत एक माणूस, बुडालेला त्याचा रोज, खानावळ, घरी एकटी जनावरं. हे सगळं डॉक्टरांना मोकळेपणी सांगावं आणि 'एकदाच दिला तर चालेल का?' हे विचारावं. प्रश्न योग्य आहे; त्याला शास्त्रातही जागा आहे.

ज्यांचा रोग आटोक्यात आहे आणि ज्यांना अधिक वर्षं मिळण्याची शक्यता आहे त्यांच्यासाठी नेमक्या किरणांचा एसबीआरटी. २०२१ च्या अभ्यासात तीन महिन्यांनी पूर्ण वेदनामुक्त झालेले त्या गटात ३५ टक्के होते, नेहमीच्या शेकात १४. यंत्रही हवं आणि मिलिमीटरचा हिशेब ठेवणारे हातही.

*

हाडं घट्ट करणारं झोलेड्रोनिक अॅसिडचं इंजेक्शन सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन यावं. औषध चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड कुजण्याचा धोका असतो. तंबाखू-गुटख्याने आधीच दात हललेल्या आपल्या भागात हे आवर्जून सांगायला हवं.

*

वेदना. मॉर्फिनचं नाव निघालं की नातेवाईक घाबरतात, 'सवय लागेल', 'म्हणजे आता शेवट आला'. कॅन्सरच्या तीव्र वेदनेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेली मॉर्फिनची गोळी हा जुना, स्वस्त, खात्रीचा आधार आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ती मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी केली. सिमेंटसाठी तारीख मिळेपर्यंत कुणी रात्रभर कण्हत बसण्याची गरज नाही. बद्धकोष्ठाचं औषध मात्र सोबत पहिल्या दिवसापासून.

*

जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. उद्या तिथे सिमेंट भरण्याची सोय व्हावी, असं मी म्हणणार नाही. ते हात तयार व्हायला वर्षं लागतात आणि आठवड्याला एखादा रोगी पाहून ते तयार होत नाहीत. मागणी लहान आहे. पाठीचा एमआरआय झाला आणि मज्जारज्जूवर दाब दिसला, की रेडिओलॉजिस्टने अहवाल पाकिटात घालून संध्याकाळी देऊ नये, पाठवणाऱ्या डॉक्टरांना तिथल्या तिथे फोन करावा. चित्रं त्याच दुपारी संभाजीनगरच्या कॅन्सर रुग्णालयात पोचावीत. तिथे अडलं तर टाटाच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या ऑनलाइन चर्चेत केस मांडता येते. रोगी तोवर निघालेला नसला तरी चित्र पुढे गेलेलं असावं. दाब दिसत असेल आणि अडचण नसेल तर सूज उतरवणारं डेक्सामेथासोन जालन्यातच सुरू व्हावं. आणि कुठे जायचं, कोणत्या मजल्यावर, कुणाला भेटायचं, कोणती कागदपत्रं घ्यायची, हे एका कागदावर मराठीत लिहून घरच्यांच्या हातात द्यावं. आशाताईंच्या प्रशिक्षणात रात्रीच्या पाठदुखीचा आणि पूर्वी झालेल्या कॅन्सरचा प्रश्न घातला, तर हा कागद लागण्याची वेळ काही आठवडे आधी येईल.